पिल्लांची बाळगुटी

आमच्या लॅबमध्ये एकदा लघवीच्या बाटलीत कोरा चहा आला होता. विम्याची तपासणी होती, खऱ्या लघवीत साखर निघेल या धास्तीनं त्या गृहस्थांनी घरूनच भरून आणला असावा. बाटलीवर नाव, वय, तारीख सगळं बिनचूक. मशीननं तो निमूट मोजला असता आणि मी निमूट टाइप केला असता. आम्रपालीताईंनी बाटली खिडकीच्या उजेडात धरली, झाकण काढून वास घेतला, बाहेर येऊन वेटिंगमधल्या पंधरा माणसांसमोर विचारलं, "अहो, आलं घालायचं राहिलं का?"

गृहस्थ उठून गेले ते परत आले नाहीत.

स्वारगेटच्या मागच्या अंगाला आमची लॅब आहे. मी नम्रता, काउंटर सांभाळते आणि रिपोर्ट टाइप करते. चौदा वर्षं झाली. ताई मायक्रोबायोलॉजीच्या मुख्य टेक्निशियन, त्यांना एकवीस. साहेब सह्या करतात, पण ताईंनी मान हलवल्याशिवाय त्यांचं पेन उघडत नाही. मी स्वभावानं तापट आहे, हे आधीच सांगून टाकते, कारण ताईंबद्दल लिहिताना माझा पारा कुठे कुठे चढणार आहे.

संशय हा ताईंचा धर्म नव्हता, धंदा होता. आणि धंदा त्या घरीही नेत. कुठलीही वस्तू समोर आली की तीन प्रश्न ठरलेले: कुठून आली, कधी आली, कुणाच्या हातून आली. दूध उतरत्या ताटलीवर थेंब सोडून बघायच्या. पनीर तर त्यांनी कुठल्याच दुकानातून घेतलं नाही. मी डब्यात मटकीची उसळ आणली की विचारणार, मोड घरी आणलेत का? मी म्हणायचे, नाही ताई, शेजारणीनं उसने दिलेत. त्यावरही त्या विचारणार, कुठल्या शेजारणीनं?

चिडायचे मी. माझं टायपिंग त्या ओळ न ओळ मोठ्यानं वाचून तपासायच्या. एकदा मी म्हटलं, माझ्यावरही विश्वास नाही का? त्या म्हणाल्या, "तुझ्यावर आहे. तुझ्या बोटांवर नाही."

त्यांचं काम मला चौदा वर्षांत पाठ झालंय. जखमेतला पू, लघवी, रक्त, जे येईल ते प्लेटवर लावून जंतू वाढवायचे, म्हणजे कल्चर. मग त्या जंतूंवर औषधांच्या बारीक पांढऱ्या चकत्या ठेवायच्या, पंधरा औषधांच्या पंधरा. दुसऱ्या दिवशी ज्या चकतीभोवती स्वच्छ गोल पडलेला असेल, ते औषध लागू पडतं. रिपोर्टवर त्याच्यापुढे S. जिथे जंतू चकतीला अगदी खेटून वाढलेत, ते औषध त्या जंतूला चालत नाही. त्याच्यापुढे R. ताई प्लेट उजेडात धरून पट्टीनं गोल मोजणार आणि म्हणणार, "लिही." मग औषधांची नावं आणि अक्षरं, मी टाइप करत जाणार.

मी लागले तेव्हा पंधरात तीन-चार R यायचे. आता आठ-नऊ येतात आणि कुणाला नवल वाटत नाही. ताईंना वाटायचं. विशेषतः अशा माणसांच्या रिपोर्टवर, ज्यांनी जन्मात दवाखान्याची पायरी चढलेली नाही. "याने कधी गोळी घेतली नाही, मग याच्या जंतूला ही औषधं ओळखीची कशी?" असं त्या प्लेटलाच विचारायच्या. एकदा मला त्यांनी समजावून सांगितलं. कोंबड्या, डुकरं, गाई यांना वाढीसाठी आणि आजारी पडू नयेत म्हणून हीच औषधं थोडी थोडी पाजतात. थोड्या औषधात सगळे जंतू मरत नाहीत. जे उरतात ते औषध पचवायला शिकलेले असतात. आणि ते नुसतं स्वतः शिकून थांबत नाहीत. वर्गात चिठ्ठी फिरते तशी ती युक्ती शेजारच्या दुसऱ्याच जातीच्या जंतूला देतात. मग विष्ठेतून, पाण्यातून, हातांतून ती माणसापर्यंत येते.

तेव्हापासून ताईंनी दुकानातली कोंबडी बंद केली. पुढे चिकन खायचं तर फक्त भावाकडचं.

भाऊ म्हणजे संजय. ताईंपेक्षा अकरा वर्षांनी लहान. वडील दापोडीला एसटीच्या वर्कशॉपमध्ये, आई एका नर्सिंग होममध्ये आया. संजय जन्मला आणि तीन महिन्यांत आई कामावर गेली. विश्रांतवाडीच्या दोन खोल्यांत तान्हं बाळ आणि सहावीतली आम्रपाली. शाळा दुपारची असल्यामुळे सकाळचं सगळं तिच्याकडे. ताईंनी लग्न केलं नाही, त्याची कारणं त्यांनी मला कधी सांगितली नाहीत आणि मी विचारली नाहीत. पण संजयचा विषय निघाला की त्यांचा आवाज बदलायचा. भोसरीतली त्याची कंपनी बंद पडली तेव्हा पठ्ठ्यानं मांजरीच्या पुढे उसाच्या शेतांना लागून एक शेड चालवायला घेतली. बॉयलर कोंबड्यांची. एक कंपनी एक दिवसाची पिल्लं आणून देते, खाद्य देते, त्यांचा सुपरवायझर आठवड्याला फेरी मारतो, आणि चाळिसेक दिवसांनी मोठ्या झालेल्या कोंबड्या कंपनीच घेऊन जाते. संजय आणि त्याची बायको हेमा त्या शेडच्या कडेलाच दोन खोल्यांत राहतात.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी ताई मलाही तिकडे घेऊन गेल्या. मी अंडंसुद्धा खात नाही, तरी गेले, कारण ताईंची उलटतपासणी सख्ख्या भावापुढे कशी चालते ते मला बघायचं होतं.

झकास चालली. शेडमध्ये पाऊल टाकण्याआधी त्यांनी बूट बदलले, मला बदलायला लावले. खाली अंथरलेलं भाताचं तूस मुठीत घेऊन दाबून बघितलं, ओलं आहे का. पाण्याची टाकी वाकून बघितली. खाद्याच्या गोणीवरचा कागद वाचला. संजय हसत हसत मागून चालला होता, त्याला सवय होती. उंच, पोट सुटलेला, पायात स्लिपर. त्याला शुगर आहे आणि तरी तो स्लिपरच घालतो यावरून ताईंनी त्याला माझ्यासमोर झापला. मग शेवटी त्यांनी खरा प्रश्न विचारला.

"औषध काय देतोस यांना?"

"एक थेंब नाही, ताई. शपथ. इंजेक्शन नाही, गोळी नाही. पहिले पाच दिवस बाळगुटी, बास. मग नुसतं पाणी आणि खाद्य."

मी ताईंकडे बघत होते. आता येतील तीन प्रश्न, कुठून आली, कधी आली, कुणाच्या हातून आली. आले नाहीत. त्यांचा चेहरा असा सैल झाला की मला क्षणभर त्या कुणी दुसऱ्याच बाई वाटल्या.

"बाळगुटी देतोस पिल्लांना?"

"लहान असतात ना. पोट सांभाळायला लागतं."

परतीच्या वाटेवर बसमध्ये त्या बोलतच राहिल्या. संजय तान्हा असताना रोज सकाळी सहाण धुऊन घ्यायची. वेखंडाचे दोन वळसे, जायफळाचा एक, हळकुंडाचा एक, मुरडशेंग, हिरडा, प्रत्येकाचे वळसे मोजून. एक वळसा जास्त पडला तर बाळ गुंगतं, म्हणून ती अकरा वर्षांची मुलगी मोठ्यानं मोजायची. मग आईच्या दुधात ते कालवून चांदीच्या नाही, स्टीलच्या चमच्यानं त्याच्या गालात सोडायचं. "त्याला आठवत नसणार," ताई म्हणाल्या, "पण बघ, हातात आलंच की." मलाही गोड वाटलं, खोटं कशाला बोलू. तीन हजार पिल्लांसाठी कुणी सहाणेवर वेखंड उगाळत असेल का, हा प्रश्न आम्हा दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आला नाही. एक लॅबवाली आणि दुसरी स्वतःला शहाणी समजणारी.

तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी संजयकडची एक कोंबडी विश्रांतवाडीला जायची आणि ताई ती बिनधास्त खायच्या. मला ऐकवायच्याही, "पुण्यात एकच शेड आहे जिची गॅरंटी मी देते."

गेल्या वर्षी दिवाळी झाली आणि संजयच्या पायात तार घुसली. खाद्याच्या भांड्याची तुटलेली तार, स्लिपरमधून आरपार, उजव्या पायाच्या अंगठ्याखाली. शुगरवाल्यांना पायाला दुखणं कळत नाही. आठ दिवस त्यानं ताईंना कळू दिलं नाही. नवव्या दिवशी पाय सुजून स्लिपरही जाईना आणि ताप भरला तेव्हा हेमानं ताईंना फोन केला. सोमवारी सकाळी हडपसरकडच्या एका खासगी हॉस्पिटलात त्याला ठेवलं. सर्जननं जखम उघडून साफ केली, पू तपासणीला पाठवायचा म्हटल्यावर ताई म्हणाल्या, आमच्या लॅबला द्या. दुसऱ्या कुणाच्या प्लेटवर त्यांचा विश्वास नव्हता.

सर्जननं त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. आत्ता अंदाजानं एक इंजेक्शन सुरू केलंय. ते लागू पडलं तर पाय सुरक्षित. नाही पडलं, तर योग्य औषध जितक्या लवकर कळेल तितका पाय उरेल.

म्हणजे सगळं ताईंच्या प्लेटवर होतं.

बुधवारी सकाळी दहा वाजता त्यांनी प्लेटा बाहेर काढल्या. मी कीबोर्डवर बोटं ठेवून बसले. "लिही" काही येईना. मी मान वळवली तर त्या प्लेट खिडकीशी धरून उभ्या. मी उठून गेले. दोन प्लेटा, पंधरा चकत्या. चौदा चकत्यांना जंतू खेटून वाढलेले, गोलाचा मागमूस नाही. फक्त एका चकतीभोवती स्वच्छ गोल होता. चौदा R आणि एक S. आणि संजयला चाललेलं इंजेक्शन त्या चौदांतलं.

"प्लेट चुकलीय," ताई म्हणाल्या.

मी त्यांना अनेकदा संशय घेताना बघितलंय, पण तो नेहमी मोजूनमापून असायचा. त्या सकाळी तो सैरावैरा धावत होता. चकत्यांची बाटली जुनी असेल. नाही, तारीख ताजी होती. हॉस्पिटलातून नमुन्यांची अदलाबदल झाली असेल. कुण्या आयसीयूमधल्या पेशंटचा पू असेल हा. प्लेट लावताना आपल्याच टेबलावरून काही पडलं असेल. "असा जंतू संजयकडे येईलच कुठून? तो बाराही महिने शेडवर असतो. त्याच्याकडे औषधाचा एक थेंब जात नाही."

"ताई, डॉक्टरांना निदान फोन करून सांगा. असं असं दिसतंय, पुन्हा लावतोय."

"आणि त्यांनी हे एक उरलेलं सुरू केलं तर? ते किडनीला किती जड आहे माहितीय? त्याची शुगर तीनशे आहे. चुकीच्या प्लेटवरून मी त्याच्या किडन्या घालवू?"

मुद्दा खोटा नव्हता. म्हणूनच मला राग आला आणि म्हणूनच मी गप्प बसले. दुसऱ्या कुणाचा रिपोर्ट असता तर याच बाईंनी डॉक्टरांना दहा वाजून पाच मिनिटांनी फोन केला असता, हे मला पक्कं माहीत होतं. मी काउंटरवर बसले आणि संजयच्या नावापुढे टाइप केलं, "रिपीट चालू." सही करताना साहेबांना कारण विचारायचीही गरज वाटली नाही, कारण ते ताईंचं काम होतं.

दुपारी त्या स्वतः हॉस्पिटलात गेल्या, नव्यानं पू घेऊन आल्या, नव्या प्लेटा, नव्या चकत्या. उत्तर शुक्रवारी मिळणार होतं. तिकडे संजयला रोज तीन वेळा तेच जुनं इंजेक्शन.

गुरुवारी दुपारी हॉस्पिटलनं विम्याची मूळ कागदपत्रं मागितली. ती मांजरीला. हेमा शेड सोडून येऊ शकत नव्हती, मंगळवारी नवी पिल्लं उतरली होती. त्या अवस्थेत मी ताईंना त्यांच्या स्कूटरची किल्ली दिलीच नाही. माझ्या गाडीवर मागे बसवलं आणि चार वाजता निघालो. वाटेत त्या एकदाच बोलल्या. "ताप उतरला नाही सकाळपासून."

हेमा टाकीपाशी होती. पदर खोचलेला, एका हातात निळी बादली, दुसऱ्या हातात लाकडी दांडा. बादलीतलं पाणी पिवळसर झालं होतं. शेडमधून पिल्लांचा चिवचिवाट नुसता.

"या ताई. कागदं काढून ठेवलीत, टेबलावर हायती. एवढी बाळगुटी टाकीत सोडते आणि आलेच. पाच दिस चुकवून चालत न्हाई."

ताई पुढे गेल्या होत्या, त्या थांबल्या.

"ही बाळगुटी?"

"व्हय."

"तू उगाळतेस?"

हेमा हसली. बिचारीला वाटलं, नणंद थट्टा करतेय. "उगाळतंय कोण एवढ्यांची! पाकिटातली हाय. सुपरवायझर देतो की." आणि तिनं भिंतीच्या खिळ्याला अडकवलेल्या पिशवीतून एक चंदेरी पाकीट काढून पुढे केलं. "सगळ्या शेडांवर ह्यालाच बाळगुटी म्हणत्यात. सुपरवायझर पण तेच म्हणतो. औषध येगळं. ते आजारी पडल्यावर द्यायचं, ते आम्ही देत न्हाई. तुम्हाला सांगितलं व्हतं की ह्यांनी."

ताईंनी पाकीट घेतलं. पुढच्या बाजूला तुरेबाज कोंबडा. मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरांत मजकूर, पशुवैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय वापरू नये, वगैरे. त्याखाली दोन औषधांची नावं. मी त्यांच्या खांद्यावरून वाचली. रोज टाइप करते ती नावं, मला चष्माही लागला नाही. दोन्ही आमच्या पंधरातली, दोन्ही बुधवारी R आलेली.

मी ताईंच्या खांद्यावर हात ठेवला तर त्यांनी तो झटकला, फोन काढला आणि सर्जनला लावला. आवाज लॅबमधला होता. चौदा रेझिस्टंट, एक सेन्सिटिव्ह, औषधाचं नाव अमुक, हो, मी जबाबदारीनं सांगतेय, रिपीटची वाट बघू नका, आत्ता सुरू करा, रिपोर्ट तासाभरात पाठवते. तेव्हा पावणेसहा झाले होते.

हेमाच्या हातातला दांडा बादलीतच राहिला होता. "काय झालं, ताई?"

"ही त्यानं कधी अंगाला लावली होती? हाताला, पायाला?"

"पायाला लावली की. तार लागली तवा दोन दिस दाबली जखमेवर. म्हणाले, एवढ्याशा पिल्लाला सोसती म्हणजे मवाळच असणार." ती एकदम रडायला लागली. "काय वाईट हाय का ह्यात? बंद करू का? बंद केली तर पिल्लं मरत्याली का?"

"मला माहीत नाही, हेमा," ताई म्हणाल्या. माझ्या चौदा वर्षांत त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी हेमाला एका शब्दानं बोल लावला नाही. पर्समधून नमुन्याची निर्जंतुक बाटली काढली, ती त्यांच्या पर्समध्ये कायम असते, शेडमध्ये जाऊन तुसावरची विष्ठा भरून घेतली, झाकण लावलं, तारीख आणि वेळ लिहिली.

मला मात्र कुणाला तरी बोल लावायचा होता. त्या न पाहिलेल्या सुपरवायझरला मी मनातल्या मनात पुणेरी भाषेत जे जे ऐकवता येतं ते सगळं ऐकवलं. एवढं तिखट औषध, त्याला इतकं मऊ नाव कुणी ठेवलं असेल? की कुणी मुद्दाम ठेवलंच नसेल, एखाद्या शेडवरच्या बाईनं पिल्लांच्या मायेनं म्हटलं असेल आणि ते पसरलं असेल? मला आजही ठरवता येत नाही. पण त्या नावानं दरवाजा उघडला आणि पुण्यातली सगळ्यात संशयी बाई बाजूला सरकून म्हणाली, या.

रात्री आठच्या आत इंजेक्शन बदललं. शुक्रवारी ताईंची दुसरी प्लेट तयार झाली, हुबेहूब पहिलीसारखी. रविवारी शेडमधल्या विष्ठेतल्या जंतूची प्लेट निघाली, तीही तशीच, चौदा आणि एक. "सारखा दिसतो म्हणजे तोच आहे, असं सिद्ध होत नाही," ताई म्हणाल्या. "त्यासाठी जनुकं बघावी लागतात, ते आपल्याकडे होत नाही." पण प्लेट त्यांनी टाकली नाही.

मधल्या शनिवारी संजयचं ऑपरेशन झालं. उजव्या पायाची पाचही बोटं आणि पुढचा अर्धा पंजा काढावा लागला. ऑपरेशननंतर सर्जन बाहेर आले, मास्क खाली ओढून म्हणाले, नवीन इंजेक्शन लागू पडतंय, घोट्याच्या वर जायची वेळ येणार नाही. मग जाता जाता म्हणाले, "एक-दोन दिवस आधी सुरू झालं असतं तर कदाचित बोटांवर भागलं असतं. कदाचितच म्हणतोय. कल्चरला वेळ लागतोच, तुम्ही काय करणार."

मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिले. ताईंकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

यापुढचे अठरा दिवस मी ताईंवर संशय घेतला. रजिस्टरमध्ये सगळं नीट होतं. नमुना सोमवारी आला, रिपोर्ट गुरुवारी गेला, कल्चरला एवढे दिवस लागतातच, जगात कुणी बोट ठेवलं नसतं. बुधवारी सकाळी दहा वाजता काय झालं ते फक्त दोन माणसांना माहीत होतं. मी रोज वाट बघायचे, त्या आज सांगतील, उद्या सांगतील. त्या रोज डबा घेऊन हॉस्पिटलात जायच्या आणि परत यायच्या. नाही सांगणार, असं मी ठरवून टाकलं. आणि खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. त्यांनी सांगितलं तर "रिपीट चालू" हे माझ्या बोटांनी टाइप केलेलंही त्यात आलंच.

सुट्टी मिळायच्या दिवशी सामान उचलायला म्हणून मीही गेले. संजय पलंगाच्या कडेला बसला होता, पाय पुढे स्टुलावर, पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला आणि विचित्र आखूड. बारीक झाला होता. शेड त्यानं सोडायची ठरवली होती, तसं कंपनीला कळवलंही होतं. हेमा पिशव्या भरत होती. नर्स येऊन कागदांवर सह्या घेऊन गेली आणि जाताना म्हणाली, तुमची बहीण लॅबमध्ये आहे म्हणून बरं, रिपोर्ट वेळेवर मिळाला.

"खरंच," संजय म्हणाला. "ताई, तू नसतीस तर सगळा पाय गेला असता."

"वेळेवर नव्हता मिळाला," ताई म्हणाल्या.

हेमाचे हात थांबले. मी खिडकीकडे सरकले.

"बुधवारी सकाळी दहा वाजता प्लेट माझ्या हातात होती. सगळं तिच्यावर दिसत होतं. मी गुरुवारी संध्याकाळपर्यंत कुणाला सांगितलं नाही. दीड दिवस. डॉक्टर म्हणाले, आधी कळलं असतं तर कदाचित नुसती बोटं गेली असती."

संजयला समजायला वेळ लागला. "का नाही सांगितलंस?"

"तू म्हणाला होतास, औषध देत नाही. म्हणून मला वाटलं, प्लेट खोटी आहे."

तो पायाकडे बघत राहिला. पलीकडच्या पलंगावरच्या म्हाताऱ्यानं रेडिओ लावला होता, तो त्याच्या नातेवाइकांनी बंद केला. मग संजयचा चेहरा लहान मुलासारखा मोडला.

"सगळ्या जगावर संशय घेतेस, ताई," तो म्हणाला. "माझ्यावर का नाही घेतलास?"

ताई त्याच्या शेजारी पलंगावर बसल्या, आणि हेमानं पिशवीची चेन लावून ती खाली ठेवली.